त्याला कोणी विचारायचं?

गावातल्या आशाताईची नोंदवही चाळली की बाई पानोपानी भेटते. गरोदरपणाची नोंद, बाळंतपण, लेकराचं लसीकरण, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, लोहाच्या गोळ्या. पुरुष मात्र शोधावा लागतो. खोकला दोन आठवडे हटला नाही तर थुंकी तपासायला, नाहीतर हत्तीरोगाच्या गोळ्या वाटताना. आपली सार्वजनिक आरोग्यसेवा माता आणि बालक यांच्याभोवती उभी राहिली आणि ते योग्यच झालं, कारण बाळंतपणात बाया मरायच्या. पण त्यात खेड्यातला धडधाकट दिसणारा पुरुष विशीपासून साठीपर्यंत दवाखान्याच्या नजरेतून सुटला तो सुटलाच.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाताई एक तपासणी अर्ज भरते. ‘सीबॅक’ म्हणतात त्याला. बीपी, शुगर, तंबाखू यांच्या प्रश्नांबरोबर त्यात मनाचेही दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला का? उदास, हताश वाटतं का? गुण तीनच्या वर गेले तर त्या माणसाला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं, अशी सूचनाही त्यावर आहे. म्हणजे प्रश्न सरकारी कागदावर आलेला आहे. पण आशाताई दारात येते अकरा-बारा वाजता, आणि तेव्हा घरधनी वावरात असतो. उत्तर त्याची बायको देते. “त्याईले काय होते बाई, चांगले हायेत.” दोन शून्यं पडतात आणि ताई पुढच्या घरी जाते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तुटपुंज्या मोबदल्यावर तिच्या डोक्यावर आधीच किती कामं लादली आहेत ते आपण पाहतो.

मला जे म्हणायचं आहे ते या दोन शून्यांविषयी आहे. १० ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिन आणि १९ नोव्हेंबरचा पुरुष दिन आला की सगळीकडे एकच उपदेश होतो: पुरुषांनो, मन मोकळं करा, बोला. हेतू चांगला असेल. पण यात सगळा भार आपण त्याच माणसावर टाकतो, ज्याची ताकद आधीच सरली आहे. नैराश्यात सगळ्यात आधी जाते ती पुढाकार घेण्याची शक्ती. ज्याला सकाळी खाटेवरून उठवत नाही, त्यानं आपणहून उठून कोणाचं तरी दार ठोठवावं, अशी ही अपेक्षा आहे. माझ्या मते बोलण्याची सक्ती त्याच्यावर नको. विचारण्याची जबाबदारी दवाखान्यानं, गावानं आणि सरकारनं उचलली पाहिजे. आणि तो जिथे असतो तिथे, तो जेव्हा भेटतो तेव्हा विचारलं पाहिजे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल पाहा. त्या वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यात १,२२,७२४ पुरुष होते. सगळ्यात जास्त नोंदी आपल्या महाराष्ट्रातल्या, २२,७४६. शेती करणारे ५,२०७ जण होते, त्यांतले ४,९९९ पुरुष. शेतमजूर त्याहून जास्त, ६,०८३. वऱ्हाडात आपण ‘शेतकरी आत्महत्या’ हा शब्द इतक्या वर्षांपासून वापरतो की शेतमजूर त्यात दिसेनासाच झाला. गुढीपाडव्याला सालाचा करार करून वर्षभर दुसऱ्याच्या वावरात राबणारा सालदार, पाऊस लांबला की हाताला काम नसलेला रोजदार, यांचा जीव कमी घाबरतो असं कोणाला वाटतं का?

मेल्यानंतर मात्र माणसाची चौकशी कसून होते. २००६ पासून शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. त्यासाठी नापिकी होती का, कर्ज होतं का, परतफेडीचा तगादा होता का, हे तपासून जिल्हा समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. तलाठी येतो, पोलीस येतात, सातबारा निघतो, बँकेचा दाखला निघतो. ज्याच्या घरात कोणाच्याच नावावर जमीन नाही, त्याची तर फाईलही उघडत नाही. त्या कुटुंबाला पैसे मिळू नयेत असं मी म्हणत नाही. ते कमीच आहेत. पण माणूस जिवंत असताना याच्या दहाव्या हिश्श्यानं तरी चौकशी झाली होती का? कर्ज थकल्याची नोटीस त्याला आली, तेव्हा झोप लागते का असं एकानं तरी विचारलं होतं का?

आपल्याकडे पुरुषाचं दुखणं मनाचं म्हणून दारात येत नाही. ते अंगाचं होऊन येतं. “डोकं भणभण करते.” “छातीत धडधड होते.” “हातपाय गळून गेले.” “झोपच नाई लागून राहिली.” तालुक्याच्या डॉक्टरकडे गर्दी असते. तो बीपी मोजतो, ॲसिडिटीची गोळी देतो आणि पेशंटच म्हणतो, “ताकदीची सलाईन लावून द्या साहेब.” सलाईन लागते, दोन दिवस बरं वाटतं, पैसे जातात. महिनाभरानं पुन्हा तेच. तपासणीत काही सापडत नाही म्हटल्यावर घरचे म्हणतात, ढोंग करते. मग बुवा, भगत, उतारा. यात दोन-दोन वर्षं निघून जातात.

तरुणांचं दुखणं आणखी वेगळ्या वाटेनं जातं आणि त्याबद्दल कोणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलतो. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘कमजोरी’, ‘गुप्तरोग’, ‘खात्रीशीर इलाज’ अशा जाहिराती रंगवलेल्या असतात. बाजाराच्या दिवशी जडीबुटीवाल्यांचे तंबू लागतात. वीस-बावीस वर्षांची कितीतरी पोरं तिथे जातात. धातू जाते, अंगात जोर राहिला नाही, लग्न झालं तर काय होईल, ही त्यांची भीती असते. बहुतेक वेळा शरीरात काही बिघाड नसतो. असते ती चिंता, निराशा आणि चुकीची माहिती. अर्धा तास नीट समजावून सांगणारा माणूस मिळाला तर त्यांतले बरेच जण मोकळे होतील. मिळतं काय, तर हजारो रुपयांचं चूर्ण आणि आयुष्यभराची धास्ती.

आणि दारू. दारू पुरुषाचं दुःख झाकते आणि वाढवतेही. झोप यावी म्हणून पिणाऱ्याची झोप पुढे आणखी बिघडते. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत कायद्यानं दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. बायांनी त्यासाठी मोर्चे काढले आणि त्यांचं बरोबरच होतं. पण बंदी विक्रीवर चालते. पिणाऱ्याचं मन तिच्या आवाक्यातलं नाही. शिवाय एक गोष्ट घराघरात माहीत असायला हवी. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात दारू तोडली तर हातापायांना कंप सुटतो, भास होतात, झटकेही येऊ शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. माळ घालून, शपथ घेऊन दारू सोडायची असेल तर अवश्य सोडावी, पण आधी डॉक्टरला दाखवून.

गावोगावी आता एक नवा पुरुष तयार झाला आहे आणि त्याच्यावर थोडं थांबायला हवं. वय तेहतीस, पस्तीस. दोन-चार एकर कोरडवाहू. पदवी आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यानं धावून झालं, स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरून झाले, वयाची अट उलटून गेली. लग्न नाही. मुलीकडचे विचारतात नोकरी आहे का, आणि दारात म्हणतात, शेती पाहिजे पण शेतकरी नको. मुलींना मी नावं ठेवणार नाही. आईचं आयुष्य त्यांनी जवळून पाहिलं आहे आणि त्यांना तसं जगायचं नाही. पण या पोराचं काय? लग्नाच्या पंगतीत प्रत्येक जण विचारतो, “तुह्यं कधी?” म्हणून तो लग्नाला जाणंच बंद करतो. मग तेरवी, बारसं, सगळंच बंद. बरोबरीचे बापे झाले, त्यांच्या गप्पांत त्याला जागा नाही. आईबाप म्हातारे झाले, त्यांच्यासमोर तो अपराधी. दलालाला पैसे देऊन लग्न लावलं आणि नवरी आठ दिवसांत पसार झाली, असाही फटका काहींना बसतो, आणि त्याची तक्रार करायलाही लाज वाटते. हा पोरगा कोणत्याच योजनेत बसत नाही. तो कर्जदार नाही, कारण सातबारा बापाच्या नावावर आहे. गावात तो थट्टेचा विषय असतो. ही थट्टा थांबली पाहिजे. मी गंमत म्हणून सांगत नाही, ती जीवघेणी आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. कापसाला भाव नाही, सोयाबीन हमीभावाखाली विकावं लागतं, गुलाबी बोंडअळीनं पराटी म्हणजे कपाशी खाल्ली, विम्याचे पैसे येत नाहीत, आणि तुम्ही गोळ्या आणि समुपदेशन घेऊन आलात? पोटाचा प्रश्न मनाचा करून सरकारची सुटका करता का? हा आक्षेप घेणारे लोक शेतकऱ्यांसाठी आयुष्य घालवलेले आहेत आणि त्यांचा राग मला समजतो. भावाचा, सिंचनाचा, कर्जाचा प्रश्न कोणतीही गोळी सोडवणार नाही. तसं कोणी म्हणत असेल तर ती फसवणूक आहे. पण उलट बाजूही पाहा. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यानंतर कर्जमाफ्या झाल्या, विमा आला, अनुदानं आली. यातली प्रत्येक मदत मिळवायला माणसाला रांगेत उभं राहावं लागतं. ई-केवायसी करायची, आधार जोडायचं, तहसीलला चार चकरा मारायच्या. नैराश्यात बुडालेल्या माणसाकडून यातलं काय होणार आहे? त्याचा अर्ज तसाच राहतो आणि मदत त्याच्या दारावरून पुढे जाते. म्हणून आर्थिक न्याय की मनाचा उपचार, ही निवड मला मान्य नाही. लढायला सुद्धा माणूस उभा राहावा लागतो.

बायांचं काय, असंही कोणी विचारेल. विचारायलाच हवं. नवऱ्याच्या दारूचा आणि रागाचा मार त्याच खातात आणि नवरा गेल्यावर कर्जही त्यांच्याच डोक्यावर बसतं. तेव्हा पुरुषाचं मन सांभाळण्याचं कामही पुन्हा त्याच्या बायकोवरच ढकललं जाऊ नये, यासाठी तर हा सगळा खटाटोप. हे काम पुरुषांनी पुरुषांसाठी करायचं आहे.

उपाय चालतात का? चालतात, आणि त्याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला होता. गावातलीच माणसं प्रशिक्षण देऊन तयार केली, त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या दुखण्याबद्दल बोलणं सुरू केलं, सल्ला-समुपदेशन केलं आणि गरज असलेल्यांना मनोविकारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवलं. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं, दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेलं. शंभरात चार जण मदतीसाठी पुढे येत होते, तिथे सत्तावीस येऊ लागले. कोणी दारात जाऊन विचारलं म्हणून आले.

सरकारी व्यवस्थाही कागदावर आहे. १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. समोर प्रशिक्षित समुपदेशक असतो, गरज वाटली तर तो डॉक्टरशी जोडून देतो. जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नागपूर, यवतमाळ, अकोला, सेवाग्राम, सावंगी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. पण सिरोंचाचा माणूस गडचिरोलीला पोहोचायचा तर दोनशे किलोमीटरच्या वर रस्ता. एक मजुरी बुडते, भाडं लागतं आणि सोबतीला येणाऱ्याचीही मजुरी बुडते. नैराश्याची गोळी दोन ते चार आठवड्यांनी परिणाम दाखवायला लागते आणि बरं वाटल्यावरही कित्येक महिने चालू ठेवावी लागते. दर महिन्याला जिल्ह्याला जाणं कोणाला परवडणार? म्हणून ती गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळाली पाहिजे आणि तिथल्या डॉक्टरला ती देण्याचा आत्मविश्वास असला पाहिजे. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, ही गोष्टही त्यानंच समजावून सांगायला हवी, कारण ‘सवय लागते’ म्हणून लोक पंधराव्या दिवशी सोडून देतात.

पोलिसांची भीती हा आणखी एक अडसर. कोणी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला आणि वाचला, तर केस होईल म्हणून घरचे दवाखान्यात खोटं सांगतात, फवारताना चक्कर आली म्हणतात. मग शरीरावर उपचार होतो, मनावर होतच नाही, आणि माणूस त्याच घरात, त्याच विवंचनेत परत येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं अशा माणसाला प्रचंड ताणाखाली असलेला मानलं आहे आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. पोलीस पाटलानं हे गावात सांगावं. त्याच्या तोंडून आलं तर लोकांना पटेल.

मग पुरुष भेटतो कुठे? पानठेल्यावर. सलूनमध्ये. कापसाच्या जिनिंग कारखान्याबाहेर गाड्यांच्या रांगेत, रात्ररात्र. बाजार समितीत. कृषी सेवा केंद्रात, जिथे तो बी आणि फवारणीचं औषध उधारीवर घेतो आणि जिथल्या वहीत त्याच्या अडचणीचा हिशेब आधीच लिहिलेला असतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत अजूनही कित्येक गावांत संध्याकाळी पुरुष एकत्र बसतात. प्रार्थना संपल्यावरचा अर्धा तास असा आहे की त्यात विचारलेलं कोणाला खटकत नाही. बोंडअळी डोळ्यांना दिसायच्या आधी कळावी म्हणून आपण वावरात कामगंध सापळे लावतो आणि पतंग मोजतो. माणसासाठीही एवढं जागं राहता येईल. केव्हा जास्त जागं राहायचं तेही आपल्याला माहीत आहे: मृगात पेरलेलं उगवलं नाही आणि दुबार पेरणीसाठी हात पसरायची पाळी आली तेव्हा, माल विकून हातात काही उरलं नाही तेव्हा, मार्चमध्ये वसुलीवाले फिरतात तेव्हा. आशाताईची ती दोन प्रश्नांची तपासणी याच दिवसांत, संध्याकाळी, पुरुष आरोग्यसेवकाला सोबत घेऊन व्हावी आणि त्याचा वेगळा मोबदला तिला मिळावा.

विचारायचं म्हणजे काय विचारायचं, हेही सांगायला हवं, कारण इथेच माणसं अडखळतात. एकट्याला गाठावं. “काऊन भाऊ, आजकाल दिसत नाई? झोप लागून राहिली का?” इथून सुरुवात होते. तो उडवून लावेल, दोन दिवसांनी पुन्हा विचारावं. उपदेश करू नये, ‘मर्दासारखा राह्य’ म्हणू नये, त्याच्यापेक्षा वाईट दिवस काढलेल्यांची उदाहरणं देऊ नयेत. तो निरवानिरवीचं बोलू लागला, बैल विकून देणी भागवू लागला, ‘आता तुमाले माह्या तरास होनार नाई’ असं म्हणाला, तर सरळ विचारावं: जीव द्यायचा विचार मनात येतो का? असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. विचारलं की बहुतेकांना हलकं वाटतं. उत्तर हो आलं तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नये, फवारणीचं औषध घरातून हलवून दुसऱ्याकडे कुलपात ठेवावं, त्याच्यासमोर बसून १४४१६ लावून द्यावा आणि दुसऱ्या दिवशी सोबत दवाखान्यात जावं. जिवावर बेतलं असेल तर १०८.

आणि गावानं म्हणून एक काम ठरवून करावं. आपल्या ग्रामीण रुग्णालयात मानसिक आरोग्याचं पथक कोणत्या वारी येतं, गोळ्या साठ्यात आहेत का, येत नसेल तर का येत नाही, हे प्रश्न १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडून इतिवृत्तात लिहून घ्यावेत. त्या ठरावाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला द्यावी, एक आमदाराला. उत्तर आलं नाही तर २ ऑक्टोबरच्या सभेत पुन्हा तोच विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा. कृषी केंद्राच्या दारावर कीटकनाशकाच्या कंपनीचा फलक लागतो, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत शेजारी १४४१६ लिहायला ग्रामपंचायतीला रंगाचा एक डबा पुरतो.